चर्चिलच्या तरुणपणच्या आठवणी आणि त्यातले पुण्यातले दोन दिवस

वाचनवेडी_औंध:

नमस्कार मंडळी,

गेले तीन आठवडे रात्रीची जेवणं उरकली की मी आणि माझा दहावीतला मुलगा मिळून एक पुस्तक वाचतोय, म्हणजे मी मोठ्याने वाचते आणि तो अडला की मराठीत सांगते. पुस्तक आहे विन्स्टन चर्चिलचं 'माय अर्ली लाइफ', १९३० सालचं. १८७४ चा जन्म, तिथपासून शाळा, सैन्य, क्युबा, हिंदुस्थान, सुदान, दक्षिण आफ्रिका आणि मग १९०० साली पहिल्यांदा निवडून येऊन पार्लमेंटात जाऊन बसला तिथवरच्या आठवणी. आधीच सांगून टाकते, चर्चिलबद्दल आपल्याकडे जो राग आहे तो माझ्याही मनात आहे आणि हे पुस्तक वाचून तो कमी झालेला नाही. पण पुस्तक हातातून सुटत नाही, आणि त्यात पुण्याबद्दल जे येतं ते वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा धागा.

शाळेचा भाग आमच्याकडे दोनदा वाचला गेला. पोराचं गणित कच्चं, सहामाहीत काठावर पास, त्यामुळे त्याला हा माणूस एकदम जवळचा वाटला. लहानपणी बोर्डिंगच्या पहिल्याच दिवशी मास्तरांनी लॅटिनमधला टेबल हा शब्द चालवायला दिला. त्यात संबोधन आलं, 'हे टेबला'. पोरगं विचारतं याचा उपयोग काय, मास्तर म्हणतात टेबलाशी बोलायचं झालं तर. मी तर कधीच टेबलाशी बोलत नाही, असं हे पोरगं खरं खरं सांगून टाकतं आणि वर शिक्षेची तंबी मिळते. शाळेत 'हे देव, हे देवौ, हे देवाः' घोकलेल्या कुणालाही हे कळेल. पुढे हॅरो ह्या शाळेच्या प्रवेश परीक्षेला लॅटिनच्या पेपरात वर स्वतःचं नाव, खाली एक आकडा, बऱ्याच विचारानंतर त्या आकड्याला कंस, आणि बाकी शाईचे डाग, एवढंच. सँडहर्स्टच्या लष्करी कॉलेजात तिसऱ्या खेपेला पास झाला तेही घोडदळापुरते मार्क पडून, आणि वडिलांना आनंद सोडाच, घोडदळाचा खर्च जास्त म्हणून ते भडकलेच. वडील १८९५ च्या जानेवारीत गेले. त्यांच्याशी मनमोकळं बोलणं कधी झालंच नाही ही खंत पुस्तकभर आहे, न बोलता. तिथे माझा आवाज जरा अडखळला, मुलाने पाहिलं, काही बोलला नाही.

आता पुणे. १८९६ च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला त्याची घोडदळाची पलटण, चौथी हुसार्स, मुंबईला उतरली. होडीतून ससून डॉकला येताना धक्क्याच्या दगडी भिंतीतली लोखंडी कडी धरायला त्याने हात टाकला, तेवढ्यात लाटेने होडी मागे खेचली गेली आणि उजवा खांदा निखळला. तो खांदा जन्मभर पुरला. तिथून पलटण घाट चढून पुण्याला, मोकळ्या माळावर मोठ्ठाले तंबू. सकाळी तंबूच्या दारात पगडीवाली माणसं चिठ्ठ्याचपाट्या घेऊन नोकरी मागायला उभी, कुणी बटलर, कुणी कपडे घालणारा बॉय, कुणी मोतद्दार. नोकर ठरले, दिवसा घोडी पाहिली, रात्री गणेशखिंडीला गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्टकडे मेजवानी. २१ वर्षांचा हा सेकंड लेफ्टनंट जेवणानंतर गव्हर्नरला हिंदुस्थानातल्या सगळ्या प्रश्नांवर आपली मतं ऐकवत बसला, त्या माणसाला तोंड उघडू दिलं नाही, आणि शेवटी ह्याला कॅम्पात नीट पोचवायला गव्हर्नरने आपला एडीसी, म्हणजे दिमतीचा अधिकारी, बरोबर दिला. हे सगळं तो स्वतःवर हसत सांगतो आणि मजेशीर सांगतो. मग छत्तीस तास रेल्वे आणि बंगलोर. पुणे संपलं.

गणेशखिंडीचा तो बंगला म्हणजे आपल्या विद्यापीठाची मुख्य इमारत. मी तिथे एमए केलं, त्या मनोऱ्यासमोरच्या हिरवळीवर बसून डबा खाल्लाय. म्हणून मी कॅलेंडर काढून बसले. २३ सप्टेंबर १८९६ ला मुंबईत मांडवीला प्लेगचं निदान झालं होतं, म्हणजे ही पलटण उतरायच्या जेमतेम दोन आठवडे आधी. पाऊस गेलेला, मुंबई इलाख्यात दुष्काळ सुरू, केसरीत सारावसुलीवर लिहून येतंय. पाच महिन्यांनी, १० मार्च १८९७ ला, प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई गेल्या. २२ जूनला राणीच्या राज्यारोहणाच्या साठीचा समारंभ ह्याच गणेशखिंडीच्या बंगल्यात झाला आणि तिथून परतताना रस्त्यात रँडवर गोळी झाडली गेली. पुस्तक लिहिताना तो पंचावन्न वर्षांचा होता, हिंदुस्थानावर रोज भाषणं देत होता, हे सगळं त्याला माहीत असणारच. तरी पुण्याच्या पानांवर फक्त तंबू, बटलर, घोडी आणि शॅम्पेन. ज्या घरात तो जेवला त्या घरावर २०१४ पासून सावित्रीबाईंचं नाव आहे. पोराला हे सांगितलं तर तो म्हणाला, आई, त्या तंबूच्या दारातल्या माणसांचं पुढे काय झालं? माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तुमच्यापैकी कुणी वाचलंय का? बोलूया.


निवृत्त_घोरपडी:

ताई, फार मनापासून लिहिलंत. मी हे पुस्तक अकॅडमीत असताना वाचलं, आमच्यात बहुतेक सगळे वाचतात. त्या खांद्याचं पुढे काय झालं ते जरूर वाचून दाखवा मुलाला. २ सप्टेंबर १८९८, सुदानात ओमदुर्मान. हा तेव्हा २१व्या लान्सर्सबरोबर. घोडदळाचा हल्ला म्हणजे हातात तलवार, पण ससून डॉकचा खांदा ऐन वेळी निखळला तर? म्हणून त्याने तलवार म्यान करून माउझर पिस्तूल हातात घेतलं. पुढे अचानक एक नाला लागला आणि त्यात माणसं ठासून भरलेली. दोन-तीन मिनिटांत पलटणीचे ३१० पैकी ७० जण मेले किंवा जखमी झाले, घोडी १२० गेली. तलवार असती तर मी वाचलो नसतो असं तो स्वतःच म्हणतो.

मला त्याहून जास्त लक्षात राहिलेली गोष्ट त्यानंतरची. एका जखमी अधिकाऱ्याच्या हातावर बसवायला कातडी हवी होती, डॉक्टरने ह्याच्या हाताची रुपयाएवढी कातडी थोडं मांस चिकटलेली अशी वस्तऱ्याने सावकाश काढली. भूल वगैरे काही नाही. मी फील्ड हॉस्पिटलं पाहिलीत, त्यामुळे ते पान वाचताना माझा हात आपोआप बाहीवर गेला होता.

आणि पुण्यातली घोडी म्हणजे नुसती पाहिली नाहीत हो. पूना लाइट हॉर्सची पोलोची २५ तट्टं ह्या लोकांनी पुढे घाऊक विकत घेतली आणि हिंदुस्थानात पाऊल ठेवल्यापासून दोन महिन्यांच्या आत हैदराबादला गोवळकोंडा कप जिंकला. नव्या आलेल्या पलटणीने असं करणं तेव्हा कुणी ऐकलेलं नव्हतं. खांदा पट्ट्याने आवळून तो पोलो खेळायचा.


मुठाकाठ:

माफ करा पण मला हे कौतुक झेपत नाही. ज्या माणसाच्या सरकारच्या काळात १९४३ ला बंगालात वीस-तीस लाख माणसं उपासमारीने आणि रोगाने मेली, १९३१ ला ज्याने गांधीजींना अर्धनग्न फकीर म्हणून हिणवलं, त्याच्या लहानपणीच्या गमती आपण औंधात बसून पोरांना का वाचून दाखवायच्या? आपल्याकडे वाचायला दुसरं काही नाही का?

आणि युद्धाचं म्हणाल तर मलाकंदचं प्रकरण वाचा. १८९७, सरहद्दीवर, सर बिंडन ब्लडची फौज. १६ सप्टेंबरला मामुंद खोऱ्यात ह्यांच्या तुकडीवर हल्ला झाला, माणसं गेली, ठीक, लढाईत जातात. त्यानंतर पंधरा दिवस काय केलं? एकेक गाव घ्यायचं, घरं पाडायची, विहिरी बुजवायच्या, बुरूज उडवायचे, सावलीची झाडं तोडायची, पिकं जाळायची, पाण्याची तळी फोडायची. हे मी माझ्या मनचं सांगत नाहीये, तो स्वतःच यादी देतो, अगदी क्रमाने, आवाज न चढवता. झाडं तोडायची!! ज्या मुलखात सावलीचं झाड वाढायला तीस वर्षं लागतात तिथे.


वाचनवेडी_औंध:

@मुठाकाठ, तुमचा राग मला पटतो आणि त्यावर वाद घालायची माझी इच्छा नाही. पण का वाचायचं याचं माझं उत्तर तुम्हीच दिलंत. ती झाडांची यादी तुम्हाला त्याच्याच पुस्तकात मिळाली ना. सरकारी कागदात 'बंदोबस्त केला' एवढंच आलं असतं. आठवणी लिहायला बसलेला माणूस स्वतःला कितीही सांभाळून घेत असला तरी हातून खरं निसटतंच, आणि ह्याचा हात तर फार सढळ आहे. मी ते पान मुलाला वाचून दाखवलं, गाळलं नाही. आदल्या रात्री टेबलावर हसलेला पोरगा दुसऱ्या रात्री गप्प होता. दोन्ही एकाच माणसाने लिहिलंय हे त्याला ह्या वयात कळलं तर मला हवंच आहे.

@निवृत्त_घोरपडी, काका, कातडीचा प्रसंग अजून आला नव्हता, काल मुद्दाम पुढे जाऊन वाचला. धन्यवाद. कॅम्पात तो तंबूंचा माळ नेमका कुठे असेल हा प्रश्न मुलगा रोज विचारतोय.


नारायण_पेठ_जुनी:

सुरेख धागा. त्या कॅलेंडरात माझ्याकडून दोन भर.

२६ जुलै १८९७, चर्चिल सुट्टीवर इंग्लंडात, बाथ गावाजवळ एका बागेत त्याचं आयुष्यातलं पहिलं राजकीय भाषण. दुसऱ्या दिवशी, २७ जुलै, टिळकांना मुंबईत अटक. मग तो सरहद्दीवर लढाई लागली म्हणून धावत परत आला, बंगलोरहून नौशेरापर्यंत दोन हजार मैलांवर रेल्वे, तेही ऐन गरमीत. टिळकांचा निकाल लागला १४ सप्टेंबरला, दीड वर्षं सक्तमजुरी. मामुंद खोऱ्यातली ती लढाई १६ सप्टेंबरची. म्हणजे त्या आठवड्यात एकजण केसरीतल्या लेखांपायी तुरुंगात चाललाय आणि दुसरा घोड्यावर बसून लंडनच्या डेली टेलिग्राफला रकान्यामागे पाच पौंडाने बातमीपत्रं लिहितोय. दोघांचंही हत्यार लेखणीच. हे लक्षात आल्यापासून मी १८९७ ला वेगळ्याच नजरेने बघतो.

रँडच्या रात्रीचं तर आमच्या घरात लहानपणापासून ऐकलेलं, 'गोंद्या आला रे' ही खूण, मागच्या गाडीतला आयर्स्ट जागीच गेला आणि रँड ३ जुलैला. दामोदर चाफेकरांना १८ एप्रिल १८९८ ला येरवड्यात फाशी. आमची आजी गणेशखिंडीच्या रस्त्याने टांग्यातून जाताना त्या जागी हात जोडायची, आम्हाला वाटायचं गणपतीला जोडतेय.


येरवडा_ते_विमाननगर:

येरवड्याचं नाव निघालंच आहे म्हणून. पुस्तकाचा सगळ्यात गाजलेला भाग म्हणजे दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धातली कैद. १५ नोव्हेंबर १८९९ ला चिलखती आगगाडीवर बोअरांचा हल्ला झाला. हा तेव्हा सैन्यात नाही, बातमीदार म्हणून गेलेला, तरी रुळावरून घसरलेले डबे बाजूला काढून इंजिन सोडवायला तासभर गोळ्यांत राबला, जखमींना इंजिनावरून पाठवून दिलं आणि स्वतः पकडला गेला. प्रिटोरियात एका शाळेत डांबून ठेवलेलं. १२ डिसेंबरच्या रात्री भिंतीवरून उडी. बरोबर येणार होते ते दोघं मागे राहिले, त्यातल्या एकाने ते शेवटपर्यंत विसरलं नाही. मग मालगाडीतून कोळशाच्या खाणीत, खाणीत उंदरांच्या संगतीत लपून, तिथून लोकरीच्या गठ्ठ्यांत दडून पोर्तुगीज हद्दीत. डोक्यावर बक्षीस फक्त २५ पौंड.

ही कैद एक महिनासुद्धा नव्हती. तरी तो लिहितो की सगळ्या आयुष्यातला हा काळ मला सगळ्यात नकोसा झाला, आणि पुढे १९१० ला गृहमंत्री झाल्यावर कैद्यांना पुस्तकं आणि थोडा विरंगुळा मिळावा म्हणून धडपडलो ते ह्या आठवणीमुळेच. वाचताना डोळ्यांत पाणी येतं. आणि पुस्तक आलं कधी? ऑक्टोबर १९३०. तेव्हा गांधीजी कुठे होते? इथे, येरवड्याला. मे महिन्यात पकडलेले, जानेवारी १९३१ ला सुटले. सुटून व्हाइसरॉयशी बोलणी करायला गेले तेव्हाच तो फकीरवाला उद्गार. तुरुंगाचं दुःख एवढं नीट समजलेला माणूस दुसऱ्याच्या तुरुंगापुढे इतका कोरडा कसा, हे मला आजवर कळलेलं नाही.

अजून एक, २४ जानेवारी १९००, स्पिऑन कॉपची लढाई. सुटून आलेला चर्चिल पुन्हा सैन्यात शिरून त्या डोंगरावर निरोप घेऊन वरखाली करत होता आणि गांधीजी हिंदी शुश्रूषा पथकाबरोबर त्याच लढाईतल्या जखमींच्या डोल्या वाहत होते. दिवसाला वीस-पंचवीस मैल डोली खांद्यावर. त्यांच्या आठवणी आपण वाचल्यात, ह्याच्याही वाचाव्यात, एकाच रणांगणावरचे दोन खांदे.


बारामती_पुणे_अपडाऊन:

वाचतोय. एक साधी शंका, दहावीच्या मुलाला इंग्रजी झेपतं का? माझी मुलगी नववीत आहे, मराठी माध्यम.


वाचनवेडी_औंध:

एकटीला द्याल तर कंटाळेल, वाक्यं लांबलचक आहेत. बरोबर बसून वाचा, आधी शाळेची प्रकरणं, मग सरळ तुरुंगातून पळून जायचं. बंगलोरचा भाग मात्र ठेवा, कारण तिथे बावीस वर्षांचा हा अधिकारी दुपारच्या उन्हात पलटण झोपलेली असताना रोज चार-पाच तास इतिहास नि तत्त्वज्ञान वाचत बसतो, आईकडून खोक्यांनी पुस्तकं मागवून, कारण आपल्याला काही येत नाही हे त्याला आता कळलेलं असतं. परीक्षेच्या वर्षात मुलांना हे ऐकवावं.

@येरवडा_ते_विमाननगर, ऑक्टोबर १९३० आणि येरवडा हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. माझ्या खिडकीतून तसं काही दिसत नाही पण त्या रात्री मी पूर्वेकडे बघत उभी राहिले होते खरी.


पाटण_खोरे:

नमस्कार. मी इथे सहसा लिहित नाही, पण ताईंच्या मुलाने विचारलेला प्रश्न वाचला आणि राहवलं नाही.

माझे आजोबा १९४० ला बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झाले. आमच्या खोऱ्यातून तेव्हा घरटी एक तरी जायचा. नंतर इटलीत होते, नाईक यशवंत घाडगेंना जिथे व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला त्याच मोहिमेत, पण वेगळ्या तुकडीत. काही महिने ते एका गोऱ्या कॅप्टनचे ऑर्डर्ली होते, म्हणजे बूट, पाणी, बिस्तरा, चहा. परत आल्यावर शेती केली, युद्धावर कधी एक शब्द बोलले नाहीत. विचारलं तर म्हणायचे, लई थंडी हुती. एवढंच. आम्ही ते चेष्टेवारी न्यायचो ह्याचं आता वाईट वाटतं.

ते गेल्यावर ट्रंकेत पे-बुकाखाली एक छोटी वही सापडली. मोडी नाही, बाळबोध आहे, पेन्सिलीची, ओळी पुसट झाल्यात. माझ्याकडे हडपसरला कपाटात सात वर्षं पडून आहे. साहेब लोक आठवणी लिहितात, त्यांची पुस्तकं होतात, ह्या वहीचं काय करायचं मला समजत नव्हतं.


निवृत्त_घोरपडी:

अहो, ती वही कपाटात ठेवू नका. आधी प्रत्येक पानाचा उजेडात, सपाट धरून फोटो काढा, पेन्सिल आहे म्हणजे तिरप्या उजेडात जास्त उठून दिसेल. लॅमिनेशन अजिबात करू नका, लोक करतात आणि कागद जातो. पे-बुकातला नंबर आणि बटालियन बघून ठेवा, त्यावरून तारखा जुळवता येतात. वाचायला अडलं तर मी बसतो तुमच्याबरोबर, माझ्याकडे वेळच वेळ आहे.


मुठाकाठ:

मी वर रागात लिहिलं ते मागे घेत नाही. पण ही वही मला वाचायची आहे. जमलं तर एक पान तरी इथे टाका.


वाचनवेडी_औंध:

@पाटण_खोरे, दादा, टाइप करायला मी आहे. मुलगाही म्हणतोय मी करतो, त्याची परीक्षा संपली की. शुद्धलेखन काहीही सुधारायचं नाही, आहे तसं ठेवायचं.


पाटण_खोरे:

आज सुट्टी होती, काकांनी सांगितल्यासारखे खिडकीपाशी फोटो काढले. एकूण ४१ पानं आहेत. मधलं एक पान आहे तसं उतरवतो, तारीख अर्धी गेलीय.

'तीन दिस पावूस. बुट वाळत न्हाईत. सायबाचे बुट शेगडीपाशी ठेवले, माजे अंगाखाली घेउन झोपलो. काल ज्याच्यासंगं भाकरी खाल्ली तो आज न्हाई. त्याच्या घरी कोन कळवनार. सायब पत्र लिवतो म्हनला. घरचं पत्र आलं, म्हस व्याली, रेडी झाली. हित डोंगर आपल्यासारखाच हाय पन झाडं समदी जळल्याली.'